पिवळी रेषा, हिरवी रेषा

वाघोटण खाडीच्या मुखाशी उभ्या असलेल्या विजयदुर्गावर काही चौथरे आहेत. गावात त्यांना 'साहेबाचे कट्टे' म्हणतात, कुणी 'ओटे'ही म्हणतात. गड दाखवणारा माणूस या कट्ट्यांपाशी हमखास थांबतो आणि सांगतो की, १८ ऑगस्ट १८६८ रोजी खग्रास सूर्यग्रहणाच्या वेळी लॉकियर नावाच्या गोऱ्या साहेबाने इथे दुर्बीण लावली आणि सूर्यावरचा हेलियम वायू शोधून काढला. वर्तमानपत्रांतून हे अनेकदा छापून आले आहे. गडावर १८ ऑगस्टला 'हेलियम दिन'ही साजरा होतो. शिलाहारांपासून आंग्र्यांपर्यंतचा इतिहास अंगावर वागवणाऱ्या या जलदुर्गाला विज्ञानाच्या इतिहासातही मानाचे पान मिळाले, याचा आनंद कोणाही मराठी माणसाला होईल.

या कथेतल्या साहेबाचे नाव खरे आहे. गड खरा आहे, कट्टे खरे आहेत. ग्रहणसुद्धा खरे आहे. फक्त ते हे ग्रहण नव्हे. १८ ऑगस्ट १८६८ या दिवशी नॉर्मन लॉकियर भारतात नव्हता, तो इंग्लंडमध्ये होता. विजयदुर्गावर तो आला त्यानंतर तीस वर्षांनी, २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणासाठी. तोवर हेलियम पृथ्वीवरच्या प्रयोगशाळेत काचेच्या नळीत भरला जाऊन तीन वर्षे होत आली होती.

एवढे सांगून थांबले तर केवळ कुणाच्या तरी आनंदावर विरजण घातल्यासारखे होईल. पण खरी हकिगत तपासू लागले की एक वेगळीच गोष्ट हाती लागते. एका पिवळ्या रेषेला मूलद्रव्य म्हणून मान्यता मिळायला सत्तावीस वर्षे लागली. तिच्याच जोडीने दिसलेल्या एका हिरव्या रेषेला मूलद्रव्य समजले गेले आणि सत्तर वर्षांनी ती भलत्याच कुळातली निघाली. या दोन रेषांचा निवाडा करता करता अणूच्या आत काय आहे आणि मूलद्रव्यांच्या आवर्तसारणीला शिस्त कशामुळे आहे, हे माणसाला समजत गेले. त्या कथेतही विजयदुर्ग आहे, आणि तो आपल्या हक्काच्या जागी आहे.

पिठोरी अमावास्येचे ग्रहण

१८६८ सालचे ते ग्रहण श्रावणातल्या अमावास्येला, म्हणजे पिठोरीला झाले. सयामच्या आखातात खग्रास स्थिती पावणेसात मिनिटांहून अधिक टिकली. सावलीचा पट्टा अरबी समुद्रावरून कोकण किनाऱ्यावर चढला आणि विजापूर, गुंटूर, मच्छलीपट्टण असा बंगालच्या उपसागरात उतरला. विजयदुर्गाचा परिसर या पट्ट्याच्या वाटेवरच होता, म्हणून कथेला एक आधार आपोआप मिळतो. पण ऑगस्टमधले कोकण म्हणजे काय, हे कोकणी माणसाला सांगायला नको. बंदरे बंद, समुद्र खवळलेला आणि आकाशाचा भरवसा नाही. नाजूक उपकरणे घेऊन ग्रहण पाहायला निघालेला शहाणा ज्योतिर्विद त्या दिवसांत घाटाच्या पूर्वेला सरकेल. तसे ते सरकलेही.

फ्रेंच ज्योतिर्विद पिएर जान्सेन गुंटूरला उतरला. मेजर टेनंट याची तुकडीही तिथेच होती. मद्रास वेधशाळेचा नॉर्मन पॉगसन मच्छलीपट्टणला गेला. लंडनच्या रॉयल सोसायटीने आपली उपकरणे लेफ्टनंट जॉन हर्शेल याच्याकडे सोपवली होती. युरेनस शोधणाऱ्या विल्यम हर्शेलचा हा नातू. त्याने आपला तळ ठोकला पटवर्धनांच्या जमखंडी संस्थानात. मराठी मुलखाशी १८६८ च्या ग्रहणाचा खरा संबंध शोधायचाच असेल तर तो जमखंडीशी आहे.

या सर्वांच्या हातात एक नवे हत्यार होते, वर्णपटदर्शक. बुन्सेन आणि किर्खॉफ या जर्मन शास्त्रज्ञांनी नुकतेच दाखवून दिले होते की प्रत्येक मूलद्रव्य तापवले की ठरावीक रंगांच्या ठरावीक रेषा देते. चुलीवर उकळते मीठ उतू गेले की ज्योत पिवळी होते, तो पिवळा रंग मिठातल्या सोडियमचा. त्याच्या वर्णपटात अगदी शेजारी शेजारी दोन पिवळ्या रेषा दिसतात, त्यांना 'डी' रेषा म्हणत. या पद्धतीने बुन्सेन आणि किर्खॉफ यांनी १८६० आणि १८६१ मध्ये सिझियम आणि रुबिडियम ही दोन नवी मूलद्रव्ये शोधली होती. आता तेच हत्यार सूर्याकडे वळवायचे होते. खग्रास ग्रहणात सूर्याच्या कडेवर लालसर ज्वाला दिसतात, त्या कशाच्या बनलेल्या आहेत हा प्रश्न होता.

उत्तर त्याच दिवशी मिळाले. ज्वालांच्या वर्णपटात तेजस्वी रेषा होत्या, म्हणजे त्या तप्त वायूच्या होत्या. त्यातल्या मुख्य रेषा हायड्रोजनच्या. एक रेषा पिवळी-नारिंगी होती. जमखंडीला ढगांनी त्रास दिला, तरी हर्शेलला तीन रेषा दिसल्या, आणि पिवळी रेषा त्याने सोडियमची 'डी' म्हणून नोंदवली. त्याच्या उपकरणाच्या नेमकेपणात तसे वाटणे स्वाभाविक होते. पॉगसनला मात्र ती 'डी'वर नेमकी बसते की नाही याची शंका आली. म्हणजे त्या सकाळी दख्खनच्या पठारापासून पूर्व किनाऱ्यापर्यंत निदान तीन-चार माणसांच्या डोळ्यांत हेलियमचा प्रकाश शिरला होता. त्यातल्या एकालाही आपण नवे मूलद्रव्य पाहिले असे वाटले नाही. पाहणे आणि ओळखणे यांत केवढे अंतर असते, त्याचा हा नमुना.

वॉर ऑफिसमधला कारकून

लॉकियर हा व्यवसायाने लंडनच्या युद्धखात्यातला कारकून. ज्योतिर्विद्या हा त्याचा रात्रीचा आणि सुटीतला उद्योग. ग्रहणाची वाट न पाहता, भर उन्हातही वर्णपटदर्शकातून सूर्याच्या ज्वाला दिसू शकतील असे त्याला वाटत होते. त्यासाठी सरकारी अनुदानातून मागवलेले उपकरण कारागिराकडे रखडले आणि हातात आले ते १८६८ च्या ऑक्टोबरात. २० ऑक्टोबरला लंडनमधल्या आपल्या घरच्या दुर्बिणीला ते जोडून त्याने ज्वालांच्या रेषा पाहिल्या. ग्रहण नाही, प्रवास नाही, सावलीची घाई नाही. त्यामुळे रेषांच्या जागा सावकाश मोजता आल्या. पिवळी रेषा 'डी'च्या शेजारी होती, पण 'डी'वर नव्हती. सोडियमच्या दोन रेषांना डी-१ आणि डी-२ म्हणत असल्यामुळे हिला डी-३ हे नाव पडले.

योगायोग असा की जान्सेनलाही गुंटूरला हीच युक्ती सुचली होती. ग्रहणाच्या दुसऱ्या दिवशी, १९ ऑगस्टला, त्याने ग्रहणाशिवाय ज्वाला पाहिल्या. त्याचे भारतातून निघालेले पत्र आणि लॉकियरचा निरोप पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे एकाच दिवशी वाचले गेले. पुढे फ्रेंच सरकारने दोघांच्या मुद्रा असलेले पदक काढले. 'जान्सेन आणि लॉकियर यांनी एकाच वेळी हेलियम शोधला' हे वाक्य आजही पाठ्यपुस्तकांत आढळते, त्याचा उगम इथे असावा. पण ते पदक ग्रहणाशिवाय ज्वाला पाहण्याच्या पद्धतीसाठी होते. जान्सेनने नव्या मूलद्रव्याचा दावा केला नव्हता.

तो दावा करायला लॉकियरही कचरत होता. रसायनज्ञ एडवर्ड फ्रँकलंड याच्या साहाय्याने त्याने आधी हायड्रोजनचेच दाब बदलून पाहिले, कारण ही रेषा एखाद्या ओळखीच्या वायूचीच निराळ्या परिस्थितीतली करामत असू शकत होती. डी-३ काही उमटेना. १८७१ साली एडिंबरोच्या ब्रिटिश असोसिएशनच्या अधिवेशनात अध्यक्ष विल्यम थॉमसन, म्हणजे पुढचे लॉर्ड केल्विन, यांनी या रेषेचा उल्लेख करताना 'हेलियम' हे नाव जाहीरपणे उच्चारले. ग्रीक भाषेत हेलिऑस म्हणजे सूर्य. शेवटचा 'इयम' हा प्रत्यय तेव्हा धातूंच्या नावांना लावत. सूर्यावरचा हा अनोळखी पदार्थ धातू असावा, असा कयास होता. तो चुकला, पण नाव तसेच राहिले.

कोष्टकात जागा नसलेला पाहुणा

हे चालू असतानाच, १८६९ च्या मार्चमध्ये, सेंट पीटर्सबर्ग येथे दिमित्री मेंडेलीव्ह याने मूलद्रव्यांचे आपले कोष्टक मांडले. तेव्हा ६३ मूलद्रव्ये माहीत होती. अणुभाराच्या चढत्या क्रमाने ती लिहीत गेले की ठरावीक अंतराने सारख्या स्वभावाची मूलद्रव्ये परत येतात. आठवड्याचे वार फिरून यावेत तशी. जिथे हा क्रम तुटत होता तिथे त्याने रिकाम्या जागा सोडल्या आणि तिथे बसणाऱ्या मूलद्रव्यांचे गुणधर्म आधीच सांगून टाकले. १८७५ मध्ये गॅलियम, १८७९ मध्ये स्कँडियम, १८८६ मध्ये जर्मेनियम सापडले, आणि भाकिते खरी ठरली.

या कोष्टकात हेलियम नव्हता, आणि असणे शक्यही नव्हते. तिथे प्रवेशासाठी दोन दाखले लागत. एक अणुभाराचा, दुसरा रासायनिक वागणुकीचा. हेलियमजवळ होती फक्त एक पिवळी रेषा. तो कोणाशी संयोग पावतो, किती जड आहे, काहीच सांगता येत नव्हते. मेंडेलीव्ह त्याच्याबद्दल साशंक होता. सूर्यासारख्या भयंकर तापमानात ओळखीच्या पदार्थाची रेषा बदलून दिसत नसेल कशावरून, असा त्याचा रोख होता. आपल्याला आज उत्तर माहीत असल्याने हा हट्टीपणा वाटतो. पण आक्षेप वाजवी होता, हे पुढे हिरव्या रेषेने दाखवून दिले.

अडचण आणखी एक होती. मेंडेलीव्हने सोडलेल्या रिकाम्या जागा कोष्टकाच्या ओळींमधल्या होत्या. हेलियमला हवी होती ती एकट्याची जागा नव्हे. त्याच्यामागे एक अख्खे कुटुंब उभे होते आणि त्या कुटुंबासाठी कोष्टकात रकानाच नव्हता.

दगडातून निघालेला सूर्य

त्या कुटुंबातला पहिला सदस्य सापडला तो तराजूच्या काट्यावर. लॉर्ड रॅले नायट्रोजनची घनता मोजत होते. हवेतून ऑक्सिजन वगैरे काढून उरलेला नायट्रोजन लिटरला सुमारे १.२५७ ग्रॅम भरे, तर रासायनिक संयुगांपासून मिळवलेला सुमारे १.२५१ ग्रॅम. फरक अर्ध्या टक्क्याचा. दुसऱ्या कोणी तो मोजमापातली चूक म्हणून सोडून दिला असता. रॅले यांनी १८९२ मध्ये तो छापून इतरांचे मत मागवले. विल्यम रॅम्से या रसायनज्ञाने हवेतल्या नायट्रोजनचा मागमूस उरू न देता तो शोषून घेतला, तेव्हा जो अंश शिल्लक राहिला तो कशाशीच संयोग पावेना. त्याला नाव मिळाले अर्गॉन, म्हणजे आळशी. आपण रोज ज्या हवेत श्वास घेतो तिच्यात तो जवळजवळ एक टक्का आहे, आणि तोवर कोणाला पत्ता नव्हता.

अर्गॉन आणखी कुठे मिळतो याचा शोध घेताना रॅम्सेला ब्रिटिश म्युझियममधल्या खनिजतज्ज्ञ हेन्री मायर्स याने कळवले की, अमेरिकेतल्या हिलब्रँड याला युरेनियमच्या खनिजातून एक आळशी वायू मिळाला आहे. हिलब्रँडने तो नायट्रोजन समजून सोडून दिला होता. रॅम्सेने क्लेव्हाइट नावाचे युरेनियमचे खनिज मिळवले, ते आम्लात उकळले, निघालेला वायू नळीत भरला आणि विद्युतप्रवाह सोडून वर्णपट पाहिला. १८९५ चा मार्च होता. अपेक्षा अर्गॉनची होती आणि समोर आली एक झगझगीत पिवळी रेषा. ती सोडियमच्या रेषांवर बसत नव्हती. त्याने नळी विल्यम क्रूक्सकडे पाठवली, कारण रेषा मोजण्यात क्रूक्सचा हातखंडा होता. क्रूक्सच्या मोजमापाने शंका उरली नाही. ती डी-३ होती.

ज्या वायूचा जन्मदाखला सूर्यावर लिहिला गेला होता तो एका काळ्या दगडाच्या पोटात निघाला. स्वीडनमध्ये क्लेव्ह आणि लांग्ले यांनी त्याच सुमारास त्याचा अणुभार मोजला. तो सुमारे चार भरला. दुसरा दाखलाही मिळाला: हेलियम अर्गॉनसारखाच कोणाशी संयोग पावत नव्हता. १८९८ मध्ये रॅम्से आणि ट्रॅव्हर्स यांनी द्रवरूप हवेतून क्रिप्टॉन, निऑन आणि झेनॉन असे आणखी तीन आळशी वायू काढले. आता कोष्टकाला एक सबंध नवा रकाना जोडावा लागला आणि मेंडेलीव्हनेही तो मान्य केला. कोष्टक मोडले नाही. रकाना इतका बिनतक्रार बसला की आधी तो नसताना कोष्टक पुरे कसे वाटत होते, असाच प्रश्न पडावा.

रॅम्सेचे एक पाऊल आपल्याही भूमीवर उमटले आहे. जमशेटजी टाटांच्या संकल्पित विज्ञानसंस्थेसाठी जागा सुचवायला तो १९००च्या अखेरीस भारतात आला आणि त्याने बंगळूरची शिफारस केली. आजची भारतीय विज्ञान संस्था तिथे उभी आहे.

पौष अमावास्येचा विजयदुर्ग

आता २२ जानेवारी १८९८. पौष अमावास्या, कोकणात स्वच्छ आकाशाचे दिवस. मुंबई इलाख्यात प्लेगने हाहाकार माजवलेला होता. सावलीच्या पट्ट्यात ठिकठिकाणी तळ पडले. करमाळ्याजवळ जेऊरला पुण्याच्या सायन्स कॉलेजचे प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला होते आणि अमेरिकेच्या लिक वेधशाळेची तुकडीही होती. विजयदुर्गावर आला सर नॉर्मन लॉकियर. आता तो कारकून नव्हता. 'नेचर' या नियतकालिकाचा संस्थापक-संपादक आणि सौरभौतिकीचा धुरीण होता. बरोबर त्याचा मुलगा होता, साहाय्यक आल्फ्रेड फाउलर होता, आणि मदतीला आरमाराच्या 'मेल्पोमीनी' या जहाजाचे अधिकारी आणि खलाशी. लॉकियरने खलाशांच्या तुकड्या पाडल्या, कोणी प्रभामंडलाचे चित्र काढायचे, कोणी तारे टिपायचे, आणि त्यांच्याकडून आधी सराव करून घेतला. खग्रास स्थिती दोन मिनिटांच्या आसपासची. त्यात गोंधळाला वाव नव्हता.

विजयदुर्गावर लावलेल्या कॅमेऱ्यांनी सूर्याच्या कडेच्या पातळ थराचे वर्णपट टिपले. हेलियमच्या रेषा आता प्रयोगशाळेत मोजून ठेवलेल्या असल्याने सूर्याच्या छायाचित्रांशी त्या ताडून पाहता येत होत्या. तीस वर्षांपूर्वी एका अनोळखी रेषेवरून सुरू झालेला शोध इथे वर्तुळ पुरे करत होता.

मग कथेत १८६८ कुठून शिरले? त्याचा अंदाज करता येतो. लॉकियर भारतात त्याआधीही एकदा आला होता, १२ डिसेंबर १८७१ च्या ग्रहणासाठी. तेव्हाही तो पश्चिम किनाऱ्यावरच्या एका सागरी किल्ल्यावर उतरला होता, पण तो किल्ला आजच्या केरळातला बेकल. तीन ग्रहणे, दोन किल्ले, एक साहेब आणि एक प्रसिद्ध शोध. लोकांच्या आठवणीत या सगळ्यांचे मिळून एक ग्रहण झाले असावे.

अणूच्या पोटात

क्लेव्हाइटच्या दगडात हेलियम आला कुठून, हा प्रश्न उरलाच होता. जो वायू कोणाशी संयोग पावत नाही, तो खनिजात अडकून का पडावा? उत्तर मँचेस्टरमध्ये मिळाले. युरेनियम, रेडियम यांसारख्या पदार्थांतून अल्फा कण बाहेर पडतात. अर्न्स्ट रदरफर्ड आणि रॉइड्स यांनी १९०८ मध्ये किरणोत्सर्गी वायू अतिशय पातळ काचेच्या नळीत कोंडला. काच इतकी पातळ की अल्फा कण पार जावेत, पण वायू बाहेर येऊ नये. बाहेरच्या निर्वात जागेत काही दिवसांनी विद्युतप्रवाह सोडला, आणि पुन्हा तीच पिवळी रेषा दिसली. अल्फा कण म्हणजे इलेक्ट्रॉन गमावलेला हेलियमचा अणू. युरेनियमचे अणू कोट्यवधी वर्षे फुटत राहतात आणि दगडात हेलियम साठत जातो.

याच अल्फा कणांचा मारा सोन्याच्या पातळ पत्र्यावर केल्यावर काही मोजके कण उलटून माघारी आले. त्यावरून १९११ मध्ये रदरफर्डने अणूचे चित्र मांडले: मध्ये अतिसूक्ष्म, जड, धनभारित केंद्र आणि भोवती इलेक्ट्रॉन. म्हणजे अणूचे अंतरंग उघडणारी गोळीही हेलियमचीच होती.

यानंतर फाउलर पुन्हा कथेत येतो. विजयदुर्गावर कॅमेरा सांभाळणारा हा साहाय्यक आता लंडनमध्ये प्राध्यापक होता. एका ताऱ्यात काही विचित्र रेषा आढळल्या होत्या आणि त्या हायड्रोजनच्या मानल्या जात. फाउलरने १९१२ मध्ये हायड्रोजन आणि हेलियमच्या मिश्रणातून त्या प्रयोगशाळेत मिळवल्या. पुढच्याच वर्षी नील्स बोर या तरुण डॅनिश शास्त्रज्ञाने सांगितले की या रेषा हायड्रोजनच्या नव्हेतच. दोनपैकी एक इलेक्ट्रॉन गमावलेल्या हेलियमच्या आहेत. बोरच्या मते इलेक्ट्रॉन ठरावीक कक्षांतच राहू शकतात आणि एका कक्षेतून दुसरीत उतरताना ठरावीक रंगाचा प्रकाश देतात. प्रत्येक मूलद्रव्याच्या रेषा का ठरलेल्या असतात, याचे हे पहिले पटणारे उत्तर. हेलियमच्या केंद्राचा भार हायड्रोजनच्या दुप्पट, म्हणून त्याच्या एकट्या इलेक्ट्रॉनच्या गणितात दोनाचा वर्ग, म्हणजे चार, हा गुणक येतो.

फाउलरने मोजमाप पुढे केले: गुणक नेमका चार येत नाही, ४.००१६ येतो. एवढ्याशा फरकावरून एखादा उपपत्ती मोडीत काढू शकला असता. बोरने उत्तर दिले की केंद्रही स्थिर नसते, इलेक्ट्रॉनबरोबर तेही किंचित हलते. तो हिशेब धरला तर आकडा ४.००१६ च येतो. मँचेस्टरमध्ये इव्हान्स याने शुद्ध हेलियममधून त्या रेषा मिळवून दाखवल्या आणि वाद मिटला. विजयदुर्गावर प्रकाशाच्या रेषा टिपणाऱ्या माणसाच्या आक्षेपामुळे अणूच्या नव्या उपपत्तीची अशी परीक्षा झाली आणि ती उत्तीर्ण झाली.

त्याच १९१३ मध्ये हेन्री मोस्ली याने मूलद्रव्यांतून निघणारे क्ष-किरण मोजले आणि मूलद्रव्यागणिक एकेक पायरी चढणारा एक साधा नियम त्याला दिसला. पायरीचा क्रमांक म्हणजे अणुकेंद्रावरच्या धनभाराचे माप, अणुक्रमांक. मेंडेलीव्हच्या कोष्टकात काही जागी अणुभाराची शिस्त मोडावी लागे: कोबाल्ट निकेलपेक्षा जड, तरी त्याच्या आधी, अर्गॉन पोटॅशियमपेक्षा जड, तरी त्याच्या आधी. अणुक्रमांकाने ही कुरकुर संपवली. अर्गॉन १८ वा, पोटॅशियम १९ वा. आळशी वायूंचा आळसही उलगडला. त्यांचे बाहेरचे इलेक्ट्रॉन-कवच पुरे भरलेले असते. द्यायचे नाही, घ्यायचे नाही. हेलियमचे कवच तर दोनच इलेक्ट्रॉनांत भरते. मोस्ली १९१५ मध्ये गॅलिपोलीच्या रणांगणावर मारला गेला. वय सत्तावीस.

हिरव्या रेषेचे काय झाले?

१८६९ च्या ग्रहणात सूर्याच्या प्रभामंडलात एक हिरवी रेषा दिसली होती. तीही पृथ्वीवरच्या कोणत्याच पदार्थाशी जुळेना. मग तिच्यासाठीही एक मूलद्रव्य कल्पिले गेले, कोरोनियम. पुरावा हेलियमइतकाच होता: एक अनोळखी रेषा. तेजोमेघांतल्या दुसऱ्या एका हिरव्या रेषेवरून 'नेब्युलियम'ही आले. हेलियमने एकदा तोंडघशी पाडल्यामुळे की काय, मेंडेलीव्हने उतारवयात कोरोनियमला आपल्या कोष्टकात हायड्रोजनच्या आधी जागा देऊन टाकली. सबळ निघालेल्या पुराव्यावर त्याने शंका घेतली होती आणि पोकळ निघालेल्यावर विश्वास टाकला.

अणुक्रमांक आल्यावर मात्र प्रश्नच बदलला. अणुभार अपूर्णांकात असू शकतो, त्यामुळे दोन मूलद्रव्यांमध्ये तिसरे शिरकवता येते. अणुक्रमांक पूर्णांक असतो. पहिला हायड्रोजन, दुसरा हेलियम, तिसरा लिथियम. एकाच्या आधी काही नाही, एक आणि दोनच्या मध्ये काही नाही. कोरोनियमला राहायला घरच उरले नाही. मग ती रेषा ओळखीच्याच कोणाची तरी असली पाहिजे. १९२७ मध्ये बोवेन याने नेब्युलियम म्हणजे दोन इलेक्ट्रॉन गमावलेला ऑक्सिजन असल्याचे दाखवले. आणि १९४० च्या सुमारास ग्रोट्रियान आणि एडलेन यांच्या कामातून कळले की कोरोनियमची हिरवी रेषा आपल्या घरच्या लोखंडाची आहे. २६ पैकी १३ इलेक्ट्रॉन गमावलेले लोखंड. त्यासाठी प्रभामंडलाचे तापमान दहा लाख अंशांच्या घरात असावे लागते, ही मोठी गोष्ट या छोट्या रेषेतून कळली.

ओळखीचा पदार्थ अतिउष्णतेत अनोळखी रेषा देतो, ही मेंडेलीव्हची मूळ शंका होती. हेलियमच्या बाबतीत ती चुकली, कोरोनियमच्या बाबतीत खरी ठरली. तापमानानुसार अणू इलेक्ट्रॉन कसे गमावतात याचे गणित १९२० मध्ये मांडले मेघनाद साहा यांनी. त्या काळात काही महिने ते लंडनमध्ये ज्याच्या प्रयोगशाळेत काम करत होते, तो होता आल्फ्रेड फाउलर. तापमान वाढले की मूलद्रव्यांच्या रेषा बदलतात, हे लॉकियर आयुष्यभर सांगत आला होता. त्याचे कारण त्याला नीट सांगता आले नव्हते. ते साहांच्या समीकरणाने सांगितले. लॉकियर त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये वारला. पाच वर्षांनी सेसिलिया पेन हिने साहांचे समीकरण वापरून दाखवले की तारे मुख्यतः हायड्रोजन आणि हेलियमचे बनलेले आहेत. जमखंडीच्या ढगांआडून दिसलेली ती रेषा विश्वातल्या दुसऱ्या क्रमांकाच्या विपुल द्रव्याची होती.

कट्ट्यावरची पाटी

हेलियम नेमका कधी सापडला, या प्रश्नाला एक तारीख पुरत नाही. १८६८ च्या ऑगस्टमध्ये तो दिसला, ऑक्टोबरात वेगळा ओळखला गेला, १८७१ मध्ये त्याला नाव मिळाले, १८९५ मध्ये तो हाती आला आणि १९१३ मध्ये कोष्टकातली त्याची जागा दुसऱ्याच क्रमांकाची का, याचे कारण कळले. यातला कोणताही टप्पा गाळला तर उरते ती एक रेषा, आणि रेषा फसवू शकते, हे हिरव्या रेषेने शिकवले.

ज्या शास्त्राने अर्ध्या टक्क्याचा फरक आणि ४.००१६ मधला चारावरचा तो नगण्य अंश नजरेआड केला नाही, त्या शास्त्राच्या सन्मानार्थ दिन साजरा करताना तीस वर्षांचा फरक नजरेआड करणे बरे दिसत नाही. 'हेलियम दिन' जरूर व्हावा. त्या निमित्ताने शाळेतली मुले गडावर येतात, आकाशाबद्दल ऐकतात, यासारखी चांगली गोष्ट नाही. फक्त त्यांना सांगावे ते खरे सांगावे. कट्ट्यांवर पाटी लावायचीच तर तिच्यावर २२ जानेवारी १८९८ ही तारीख असावी, लॉकियरबरोबर फाउलरचे नाव असावे, सराव करून तयार झालेल्या खलाशांचा उल्लेख असावा. आणि एखाद्या मुलाने विचारलेच की मग हेलियम कुठे सापडला, तर त्याला आधी जमखंडीला न्यावे, तिथून लंडनला, आणि शेवटी युरेनियमच्या त्या काळ्या दगडापाशी. वाट लांबची आहे, पण ती सांगायला विजयदुर्गाइतकी योग्य जागा दुसरी नाही.